रणांगणावरील बटण कोणाच्या हाती?

२४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंक या उपग्रहसेवेत जगभर सुमारे अडीच तास खंड पडला. जेथे शांतता नांदते तेथे या घटनेचा अर्थ काही काळ संगणक स्तब्ध झाले, एवढाच होता. युक्रेनमध्ये मात्र सबंध आघाडीवरील हे संदेशवहन बंद पडले. त्या देशाच्या ड्रोन दलाचे सेनापती रॉबर्ट ब्रोव्हदी यांनीच तसे जाहीर केले. शत्रूने त्यासाठी एकही गोळी झाडलेली नव्हती. हजारो मैलांवरील एका खाजगी कंपनीच्या अंतर्गत संगणक-प्रणालीत बिघाड झाला आणि खंदकात उभा असलेला सैनिक आंधळा व बहिरा झाला. अडीच तासांनी सेवा पूर्ववत सुरू झाली आणि जग ही घटना विसरून गेले. समाजवादी कार्यकर्त्यांनी ती विसरता कामा नये, असे आम्हास वाटते. कारण या अडीच तासांत आधुनिक युद्धाचे एक सत्य उघडे पडले आहे.

संदेशवहन हे युद्धाचे निम्मे बळ होय, ही गोष्ट नवी नाही. आपल्या देशाने तर ती रक्त सांडून शिकलेली आहे. ११ मे १८५७ रोजी मीरतचे शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा दिल्लीच्या तारघरातून अंबाल्यास तार गेली आणि पंजाबातील इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. शिपायांनी पुढे जागोजाग तारा तोडल्या. पण तोडलेली तार पुन्हा जोडता येत होती व ती जोडण्याची विद्या इंग्रजांकडे होती. शिपायांजवळ शौर्य होते, तार नव्हती. ५ ऑगस्ट १९१४ रोजी, पहिल्या महायुद्धात उतरताच दुसऱ्या दिवशी, ब्रिटनने जर्मनीच्या समुद्राखालील तारा कापल्या. परिणामी जर्मनीला बिनतारी यंत्रावर व परक्यांच्या तारांवर विसंबावे लागले आणि तिचे गुप्त संदेश ब्रिटिशांच्या हाती पडू लागले. त्याच महिन्यात टॅनेनबर्गच्या लढाईत रशियन सेनापतींनी बिनतारी संदेश सांकेतिक भाषेविना पाठविले. जर्मनांनी ते ऐकले आणि रशियाचे एक सबंध सैन्य धुळीस मिळाले.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान होती. तार कोणाची, हा प्रश्न दोन राष्ट्रांमधला होता. समुद्राखालील तारा पुष्कळदा खाजगी कंपन्यांच्याच होत्या, हे खरे. पण युद्ध पेटताच त्या कंपन्या आपापल्या सरकारच्या आज्ञेत येत. आज परिस्थिती पालटली आहे आणि हा पालट नीट समजून घेतला पाहिजे.

जुने दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथून संदेश येण्याजाण्यात विलंब होतो आणि वेगवान संपर्कासाठी मोठे, जड अँटेना लागतात. स्टारलिंकचे हजारो लहान उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यामुळे विलंब नगण्य होतो व पाठीवर वाहून नेता येईल एवढ्या अँटेनावर काम भागते. आकाशात घिरट्या घालणाऱ्या ड्रोनने टिपलेले चित्र त्याच क्षणी मागच्या ठाण्यावर दिसते, तेथून तोफखान्याला लक्ष्य कळविले जाते आणि काही मिनिटांत तोफ डागली जाते. पूर्वी ज्या कामास टेहळणी पथक, धावता निरोप्या व दूरध्वनीची तार लागे, ते काम आता या एका साखळीवर चालते. साखळीची एक कडी निखळली की तोफ आहे, गोळा आहे, तोफची आहे. पण मारा कोठे करावयाचा हे कोणासच ठाऊक नाही!

युक्रेन या साखळीत कसा गुंतला? २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले. त्याच पहाटे व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रहजाळ्यावर संगणकीय हल्ला होऊन हजारो यंत्रे निकामी झाली. हा हल्ला रशियाचाच होता, असे युरोपीय संघाने व अमेरिकेने त्या वर्षीच्या मे महिन्यात जाहीर केले. त्याचा धक्का एवढा दूरवर पोहोचला की जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवरील दूरनियंत्रण तुटले. दोनच दिवसांनी युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी स्टारलिंकचे मालक इलॉन मस्क यांना जाहीर विनंती केली. काही तासांत सेवा सुरू झाली आणि लवकरच यंत्रांची पहिली खेप येऊन पोहोचली. घर पेटलेल्या माणसाने शेजाऱ्याची बादली घेताना अटी विचारावयाच्या नसतात. त्या क्षणी युक्रेनने जे केले त्याला आम्ही दोष देणार नाही.

अटी मागाहून कळल्या. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये युक्रेनी नौदलाच्या मानवविरहित नौका क्रिमियातील रशियन आरमारावर चालून जाणार होत्या. तेथवर सेवा सुरू करावी, ही विनंती मस्क यांनी नाकारली. २०२३ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा हे उघडकीस आले. चालू सेवा बंद केली नव्हती, नवी सुरू करण्यास नकार दिला होता, असा खुलासा त्यांनी स्वतःच केला. २०२२ च्या ऑक्टोबरात कंपनीने खर्च परवडत नसल्याचे अमेरिकी संरक्षण खात्यास कळविल्याची वार्ता फुटली. बोभाटा होताच मस्क यांनी माघार घेतली. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीने ड्रोनसाठी होणाऱ्या वापरावर बंधने घातल्याचे सांगितले. आणि मार्च २०२५ मध्ये, आपण ही सेवा बंद केली तर युक्रेनची सारी आघाडी कोसळेल, असे मस्क यांनीच जाहीरपणे लिहिले. आपण तसे करणार नाही, असेही ते म्हणाले. परंतु एका राष्ट्राचे अस्तित्व एका व्यक्तीच्या आश्वासनावर टांगलेले असणे, याला स्वातंत्र्य म्हणावयाचे काय?

कोणी म्हणेल की, क्रिमियाच्या बाबतीत मस्क यांचा नकार शहाणपणाचाच होता. त्यामुळे युद्ध अधिक भडकले नाही. तो नकार योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही क्षणभर बाजूस ठेवतो. आमचा प्रश्न निराळा आहे. हा निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? ते युक्रेनच्या जनतेला जबाबदार नाहीत आणि अमेरिकेच्या मतदारांनीही त्यांना निवडलेले नाही. युद्धाचा व शांततेचा निर्णय संसदेत व्हावा, म्हणून अनेक देशांतील जनतेने दीर्घकाळ लढे दिले. तो अधिकार राजाच्या हातून काढून घेतला तो भांडवलदाराच्या हाती सोपविण्यासाठी नव्हे. हा प्रश्न एका मस्क यांच्या लहरी स्वभावाचाही नाही. उद्या त्यांच्या जागी कोणी संतपुरुष आला तरी प्रश्न तसाच राहील.

याचे प्रत्यंतर दुसऱ्या बाजूनेही आले आहे. इस्रायली सैन्याच्या हेरखात्याने पॅलेस्टिनी जनतेचे असंख्य दूरध्वनी-संवाद मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवर साठविल्याचे वृत्त ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्राने दिले आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या तुकडीच्या काही सेवा बंद केल्या. निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पण तोही कंपनीच्या कार्यालयातच झाला, आणि तो झाला तो प्रामुख्याने बोभाट्यामुळे व आतील कर्मचाऱ्यांनी उठविलेल्या आवाजामुळे. गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकी लष्करासाठी ड्रोनची चित्रे पारखण्याच्या कामाविरुद्ध सह्या केल्या तेव्हा कंपनीने तो करार पुढे चालविला नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र इस्रायलबरोबरच्या कराराविरुद्ध ठिय्या देणाऱ्यांना त्याच कंपनीने डझनावारी कामावरून काढले. या यंत्रांना चालविणारा कामगार आहे, त्याला विवेक आहे आणि त्या विवेकाला आज कसलेही कायदेशीर संरक्षण नाही, ही बाब आपल्या कामगार संघटनांनी लक्षात घ्यावी.

खाजगी उद्योगाचे कैवारी विचारतात, सरकारी खात्याला हे साधले असते काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सरकारी खात्यांची दिरंगाई आम्ही पाहिलेली आहे. परंतु स्टारलिंक उभारणारी स्पेसएक्स ही कंपनी केवळ एका माणसाच्या धाडसावर वाढली, ही दंतकथा आहे. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने तिला १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले तेव्हा ती संकटातून तरली. युक्रेनमधील यंत्रांचा व सेवेचा खर्चही अमेरिका, पोलंड इत्यादी सरकारांनी मोठ्या प्रमाणात उचलला आणि जून २०२३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने या सेवेसाठी रीतसर करार केला. पैसा जनतेचा, रक्त सैनिकाचे आणि बटण मालकाचे, असा हा हिशेब आहे!

आता आपल्या देशाकडे वळू. येथे चित्र सर्वस्वी निराशाजनक नाही. लष्करासाठी बिनतारी यंत्रे बनविणारी भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी १९५४ पासून सार्वजनिक क्षेत्रात उभी आहे. नौदलाचा पहिला स्वतंत्र उपग्रह २०१३ मध्ये परदेशी अग्निबाणाने परदेशी तळावरून सोडावा लागला होता. त्याची जागा घेणारा चार हजार किलोंहून जड उपग्रह २ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्याच अग्निबाणाने गेला. हे सार्वजनिक क्षेत्राचे कर्तृत्व आहे. परंतु दुसरा प्रवाहही तितकाच स्पष्ट आहे. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी देशाचे उपग्रह-दळणवळण केंद्र उभे राहिले, तेव्हा महाराष्ट्राला त्याचा अभिमान वाटला होता. ज्या सरकारी उपक्रमाकडे ते केंद्र पुढे आले, तो विदेश संचार निगम २००२ मध्ये खाजगी उद्योगसमूहाच्या ताब्यात गेला. २०२४ मध्ये उपग्रह क्षेत्र परकी भांडवलास मोठ्या प्रमाणावर खुले करण्यात आले. २०२५ च्या जूनमध्ये स्टारलिंकलाही भारतात परवाना मिळाला. दुर्गम खेड्यास संपर्क मिळावा, याला आमचा विरोध नाही. पण ज्या तारेवर उद्या सीमेवरचे ठाणे विसंबेल, त्या तारेचे दुसरे टोक कोठे बांधलेले आहे, हे आजच विचारले पाहिजे. परक्याच्या यंत्राच्या पोटात काय दडलेले असू शकते, हे १७ सप्टेंबर २०२४ रोजी लेबॅननमध्ये दिसले. तेथे हजारो पेजर एकाच वेळी फुटले; मृतांत लहान मुलेही होती.

येथे आम्हास आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. बटण मालकाच्या हातून काढून सरकारच्या हाती दिले की काम संपले, असे समजू नये. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली, ते बटण सरकारचेच होते. ऑगस्ट २०१९ नंतर काश्मीरमध्ये वेगवान इंटरनेट दीड वर्ष मिळाले नाही. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये महिनोन् महिने संपर्क तोडला गेला. दोन्हीकडे कारण सुरक्षिततेचे दिले गेले. हाल झाले ते विद्यार्थ्याचे, रुग्णाचे आणि हातावर पोट असणाऱ्याचे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आणीबाणीच्या प्रसंगी कोणतेही दूरसंचार जाळे ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. म्हणजे खाजगी मालकीवर उपाय म्हणून जी सत्ता आपण मागतो, ती उद्या आपल्यावरच उलटू शकते. राष्ट्रीयीकरण ही पहिली पायरी आहे. लोकशाही नियंत्रण ही दुसरी, आणि ती अधिक अवघड आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सैन्यदलांचे रणांगणावरील संदेशवहन सर्वस्वी सार्वजनिक मालकीच्या साधनांवर चालावे आणि खाजगी सेवा वापरलीच तर ती पूरक असावी. परकी वा खाजगी उपग्रहसेवांशी होणाऱ्या करारांतील सेवा थांबविण्याविषयीच्या अटी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे मांडल्या जाव्यात. नागरिकांचा संपर्क तोडण्याचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध व्हावा व ठरावीक मुदतीत संसदेपुढे यावा. आणि मारक वापराचे काम नाकारणाऱ्या तंत्रज्ञास नोकरीचे संरक्षण मिळावे.

हे विषय तज्ज्ञांचे आहेत, असे सांगून कार्यकर्त्यांना दूर ठेवले जाते. धरणाचे पाणी कोणाच्या शेतास जावे, हाही एकेकाळी तज्ज्ञांचाच विषय मानला जात असे. खेड्यापाड्यांतून कार्यकर्त्यांनी तो प्रश्न उचलला आणि पाण्याच्या चाव्या कोणाच्या हाती आहेत, हे सरकारला सांगणे भाग पाडले. आकाशातील तारांनाही चाव्या आहेत. सीमेवर उभा राहणारा जवान शेतकऱ्याच्या व कामगाराच्याच घरातून गेलेला असतो. त्याच्या कानाशी जोडलेली तार कोणाच्या मर्जीने चालू वा बंद होते, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या आईबापांना आहे, आणि तो प्रश्न त्यांच्या वतीने चव्हाट्यावर मांडणे हे आपले काम आहे.