अस्सलपणाचा शिक्का कशाला?

जुन्या घरगुती संगणकांच्या हौशी मंडळींत एक वाक्य वेदवाक्यासारखं फिरतं: 'एमुलेटर म्हणजे नक्कल, एफपीजीए म्हणजे खरं यंत्र.' माझ्या झेडएक्स स्पेक्ट्रमची यूएलए चिप गेल्यापासून मी एफपीजीएवरच स्पेक्ट्रम चालवतो. तरीही हे वाक्य मला साफ चुकीचं वाटतं.

एफपीजीए ही कोरी पाटी. तिच्यातली सर्किटं कशी जोडायची, ते कुणीतरी लिहावं लागतं. १९८२च्या स्पेक्ट्रममध्ये यूएलए पडद्यावरचं चित्र रंगवत असताना झेड८० प्रोसेसरला खालच्या १६ केबी मेमरीसाठी ताटकळत ठेवायची. ते थांबे मोजूनमापून लोकांनी कडेच्या रंगीत पट्ट्या जुळवल्या. लिहिणाऱ्याला हे थांबे उमगले नसतील, तर एफपीजीएवरही पट्ट्या सरकतात. उमगले असतील, तर साध्या एमुलेटरवरही त्या जागच्या जागी दिसतात. खरेपणा चिपमध्ये नसतो, समजुतीत असतो.

क्रिस स्मिथ यांनी यूएलएचं अंतरंग उलगडून २०१०मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. माझ्या लेखी खरा वारसा तो आहे. चिपा आज ना उद्या मरणारच. त्या कशा चालत, हे लिहिलेलं उरेल.

म्हणून नवा बोर्ड घेताना 'अस्सल आहे का?' असं विचारू नका. 'आतलं वर्णन सगळ्यांना वाचता येतं का?' असं विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही एका कुलपाच्या जागी दुसरं कुलूप विकत घेताय.