बांधलेले पाणी हे पाणी नव्हे काय?

हंसाच्या अंगी नीरक्षीरविवेक असतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. तो पक्षी दुधातून पाणी खरोखर वेगळे काढतो की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. आपल्या देशाच्या नियमकर्त्यांनी मात्र हंसावरही वरताण केली आहे. त्यांनी नीरापासून नीरच वेगळे काढले आहे! निसर्गाने साठविलेले पाणी एका बाजूस आणि मनुष्याने बांध घालून अडविलेले पाणी दुसऱ्या बाजूस. पहिल्यास कायद्याचे छत्र, दुसरे वाऱ्यावर. ही वाटणी २०१७ सालच्या पाणथळ जागांच्या नियमांनी केली. ती सृष्टिशास्त्राला धरून नाही, आपल्या परंपरेला धरून नाही आणि न्यायतत्त्वांनाही धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते सुज्ञ वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

उदाहरणासाठी मी बडोद्याच्या पूर्वेकडील वाघोडियाचा परिसर घेतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड यांनी या भागात दोन मोठे जलाशय बांधविले. एक आजव्याचा, १८९० च्या सुमारास पुरा झालेला, बडोदे शहराला पिण्याचे पाणी पुरविण्यासाठी. दुसरा दक्षिणेस डभोई तालुक्यातील वढवाण्याचा, १९१० च्या सुमारास झालेला, ओरसंग नदीचे पाणी वळवून शेतीला देण्यासाठी. छप्पन्नाच्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. कारभाऱ्यांच्या मनात त्या वेळी पक्षी नव्हते. तहानलेले नगर आणि करपलेली शेते होती.

परंतु पाण्याला धनी एक असला तरी पाहुणे अनेक असतात. कार्तिक लागला की वढवाण्याच्या पाण्यावर पट्टकादंब उतरू लागतात. पांढऱ्या मस्तकावर दोन काळे पट्टे, हीच त्यांची ओळख. तिबेटच्या, मंगोलियाच्या आणि आपल्या लडाखच्या सरोवरांकाठी ते पिले वाढवितात आणि हिमालय ओलांडून दक्षिणेस येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर बसविलेल्या यंत्रांनी ७,००० मीटरांहून अधिक उंचीवरील त्यांच्या उड्डाणाची नोंद केली आहे. त्यांच्याबरोबर कलहंस येतात, नाना जातींची बदके येतात, काठच्या चिखलात चोच खुपसून फिरणारे तुतवार आणि चिखल्या येतात. मध्य आशियाच्या आकाशमार्गाने येणाऱ्या ८० हून अधिक जातींचे पक्षी येथे हिवाळा काढतात. म्हणूनच २०२१ साली वढवाण्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला.

आता कायद्याकडे वळू. इराणातील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी हा करार झाला आणि १९८२ साली भारत त्यात सामील झाला. या कराराची व्याख्या अगदी सरळ आहे. पाणथळ जागा नैसर्गिक असो वा कृत्रिम, कायमची असो वा तात्पुरती, पाणी गोडे असो वा खारे, ती पाणथळच होय. आपल्या केंद्र सरकारने २०१० साली पहिले नियम केले, तेव्हा त्यांतही तलाव, जलाशय आणि मानवनिर्मित पाणथळी यांचा समावेश होता. सात वर्षांनी ते नियम जाऊन नवे आले. त्यांची व्याख्या आरंभी रामसरचेच शब्द उच्चारते, ‘नैसर्गिक असो वा कृत्रिम’ असे म्हणते, आणि लगेच पुढल्या श्वासात भातशेती वगळते. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव वगळते. मत्स्यपालन, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी खास उभारलेली बांधकामेही वगळते. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, याहून वेगळे वर्णन मला सुचत नाही.

या व्याख्येची कसोटी वाघोडियाच्या परिसराला लावून पाहा. आजवा पिण्याच्या पाण्यासाठी, म्हणून तो पाणथळ नव्हे. वढवाणा सिंचनासाठी, म्हणून तोही मुळात पाणथळ नव्हे! तो वाचला तो केवळ रामसरच्या यादीतील जागांना हे नियम लागू होतात असे स्वतंत्र कलम आहे म्हणून. म्हणजे परदेशी कराराचा शिक्का बसला तर ते पाणी. न बसला तर ती नुसती भिजलेली जमीन. हा शिक्का दर तलावाला मिळणार आहे काय? गावोगावच्या ज्या लहान तळ्यांवर हेच हंस पहाटे चरण्यासाठी उतरतात आणि हीच बदके मोठ्या तलावावर गडबड झाली की आसऱ्याला जातात, त्यांचा वाली कोण? यादीतील तलाव हा पक्ष्यांचा दिवाणखाना असेल. पण संसार दिवाणखान्यात चालत नाही. कारखान्यांची वसाहत आणि वाढते शहर यांच्या मध्ये सापडलेली ही लहान तळी एकेक करून बुजली, तर दिवाणखान्यात बसावयास कोण येणार?

यातील ‘खास बांधलेले’ या शब्दांकडे वकील या नात्याने मी विशेष लक्ष वेधतो. जलाशयाचे आजचे स्वरूप काय, हे हा नियम विचारीत नाही. शंभर वर्षांपूर्वी बांधणाऱ्याच्या मनात काय होते, हे विचारतो. मृत कारभाऱ्यांच्या हेतूवर जिवंत पक्ष्यांचे भवितव्य टांगून ठेवणारा हा नियम आहे. पट्टकादंबाने हिमालय ओलांडण्यापूर्वी बडोदे संस्थानच्या दप्तरखान्यात जाऊन तलावाचा मूळ ठराव वाचून घ्यावा, अशी आमची अपेक्षा आहे काय?

कोणी म्हणेल, हा गुजरातच्या तलावांचा प्रश्न आहे. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना त्याचे काय? वाचकहो, घाव तर आपल्याच अंगणात अधिक खोल आहे. गोमंतकातील खाजने कोणी केली? भरतीचे खारे पाणी बांध घालून अडविले, ‘मानशी’च्या दारांनी त्याची ये-जा ताब्यात ठेवली, पावसाळ्यात भात पिकविले, पाण्यात मासळी राखली, उन्हाळ्यात आगरांत मीठ पिकविले. ही सारी आपल्या पूर्वजांची करणी आहे. आता नव्या नियमातील वगळणुकीची यादी पुन्हा वाचा: भातशेती, मत्स्यपालन, मीठ, सिंचन. जणू कोणी खाजनाचे वर्णन समोर ठेवून एकेक शब्द खोडीत बसले होते!

आणि या खाऱ्या जागांवाचून किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे चालत नाही. ओहोटीच्या वेळी खाडीची चिखलपट्टी उघडी पडते. तुतवार, चिखल्या, कुरल हे पक्षी तेथे किडे आणि शिंपले टिपतात. भरती आली की ती पट्टी पाण्याखाली जाते. ज्याचे पाय दोन बोटे लांब आहेत त्याने तेव्हा कोठे उभे राहावे? तो जवळच्या मिठागराच्या उथळ पाण्यात किंवा खाजनाच्या बांधावर येऊन विसावतो आणि पाणी उतरण्याची वाट पाहतो. चिखलपट्टी हे त्याचे जेवणघर आणि मिठागर ही त्याची ओसरी. ओसरी पाडली तर जेवणघर राखून उपयोग नाही. मुंबईत २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी घेण्यास मान्यता दिली. गरिबाला घर हवे, याविषयी दुमत नाही. परंतु मिठागर म्हणजे मोकळी पडलेली जमीन, हा जो समज अशा निर्णयांच्या मुळाशी असतो, त्याला नियमाच्या व्याख्येनेच बळ दिले आहे, हे विसरता येणार नाही.

मनुष्याच्या हातून झालेल्या पाणथळीचे मोल इतरत्र मान्य झालेच आहे. जामनगरजवळच्या खिजडियाचा गोड्या पाण्याचा भाग १९२० साली नवानगरच्या राजाने शेती खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी घातलेल्या बांधामुळे निर्माण झाला. महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र नांदूर मधमेश्वर हे गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्याचे अपत्य. २०२२ साली गोव्याचा पहिला मान मिळविणाऱ्या कुडचड्याच्या नंदा तळ्याचे पाणी खालच्या भातशेतीला जाते. जी पाणी म्हणून जगाने गौरविली, त्यांच्याच भावंडांना आमचा नियम पाणी म्हणावयास तयार नाही.

आता परंपरेचा पुरावा. आपल्या धर्मशास्त्राने इष्ट आणि पूर्त असे पुण्याचे दोन प्रकार सांगितले. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तलाव, देवालय, बाग ही पूर्ते. तलाव बांधून पुरा झाला म्हणजे त्याचा उत्सर्ग करावयाचा. भारतरत्न पांडुरंग वामन काणे, जे स्वतः मुंबई उच्च न्यायालयातील वकील होते, त्यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात या विधीचे विवेचन केले आहे. दान आणि उत्सर्ग यांतील भेद मोठा मार्मिक आहे. दानात वस्तू एकाची दुसऱ्याला जाते. उत्सर्गात कर्ता आपले स्वामित्व सोडतो आणि ते पाणी सर्व भूतांसाठी मोकळे करतो. त्यानंतर तो स्वतः पाणी प्याला तर मालक म्हणून नव्हे, इतरांतील एक म्हणून. ‘सर्व भूते’ यांत हंस येत नाही काय? ज्या शास्त्राने हाताने घडविलेल्या मूर्तीत देव पाहिला, त्याने हाताने खोदलेल्या तलावाला कमी लेखले नाही. उलट तेथे पुण्य अधिक मानले.

आजचे न्यायशास्त्रही यापासून दूर नाही. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या १९९६ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नैसर्गिक संपत्तीचे शासन हे विश्वस्त आहे, धनी नव्हे. हिंचलाल तिवारी प्रकरणात २००१ साली त्याच न्यायालयाने गावतळ्यांना समाजाची सामायिक संपत्ती मानले आणि तळ्याची जमीन घरांसाठी वाटण्यास नकार दिला. गावतळे निसर्गाने केले की गावाने खोदले, यावर हे तत्त्व अवलंबून नाही. मग नियमाने तो भेद का करावा?

प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. पाटबंधाऱ्याचे अधिकारी म्हणतील, तलाव पाणथळ ठरला तर गाळ काढता येणार नाही, पाटाला पाणी सोडता येणार नाही. हे भय निराधार आहे. रामसरचे तत्त्वच सुज्ञ उपयोगाचे आहे, उपयोग बंद करण्याचे नव्हे. आमची मागणीही तेवढीच आहे: ज्या बांधीव जलाशयात पाणपक्ष्यांचा नियमित वास गणनेने सिद्ध होईल, तो मूळ उपयोगास बाध न येता पाणथळ समजावा. शेतकऱ्याची तक्रार अधिक खरी आहे. हंस रात्री शेतात उतरतात आणि गव्हाहरभऱ्याचे कोवळे कोंब खुडतात. त्याचे नुकसान समाजाने भरून द्यावे. पाहुणा सर्वांचा आणि जेवणखर्च एकट्याचा, हा न्याय नव्हे. तिसरा म्हणेल, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हंसाला संरक्षण आहेच. आहे! हंसाला गोळी घालणे गुन्हा आहे. त्याचे तळे बुजविणे मात्र त्या कायद्याने, अभयारण्याबाहेर, गुन्हा ठरत नाही. अतिथीला मारू नये, पण घराला आग लावण्यास हरकत नाही, असा हा धर्म आहे.

न्याय मागण्यास येणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, असे न्यायाचे एक जुने सूत्र आहे. आपले आहेत काय? आपल्या कित्येक देवस्थानांच्या तळ्यांना ‘सुशोभीकरणा’च्या नावाखाली चारी बाजूंनी सिमेंटच्या उभ्या भिंती झाल्या, काठ फरशीने मढले, पाण्यात कारंजी उडू लागली. चिखलाचा उतरता काठ गेला की टिटवी आणि तुतवार यांनी पाय टेकावयाचा कोठे? प्रत्येक पक्षी आपल्या पायाच्या आणि चोचीच्या लांबीप्रमाणे पाण्याची खोली निवडतो; उभ्या भिंतीने ती निवडच संपते. पायऱ्यांचा घाट एका अंगाला अवश्य असावा, स्नानसंध्येची सोय राहावी. परंतु दुसरे अंग मातीचे, गवताचे, उतरते ठेवावे. यास पैसा लागत नाही, उलट वाचतो.

आणि काय करावे? दर वर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. दुर्मिळ हंस दिसला की छायाचित्र घेऊन परतणारे हौशी लोक वाढले आहेत, हे चांगलेच. परंतु न्यायालयात कौतुक चालत नाही, पुरावा चालतो. २०,००० पाणपक्षी नियमित येतात, किंवा एखाद्या जातीचे शेकडा एक पक्षी येतात, हे रामसरचे निकष आकड्यांनीच सिद्ध होतात. म्हणून प्रत्येक देवस्थान समितीने आपल्या पंचक्रोशीतील एक तळे, एक खाजन, एक मिठागर पत्करावे. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन दर जानेवारीत तेथील पक्षी मोजावेत, नोंदवही ठेवावी, ग्रामसभेत ती वाचून दाखवावी, ठराव करावा आणि तो राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडे व आपल्या खासदाराकडे धाडावा. संविधानाच्या ५१क कलमाने सरोवरे व वन्यजीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. हे कर्तव्य करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

सयाजीरावांनी पाणी अडविले, हंसांनी ते आपले मानले, जगाने त्याला मान दिला. आता आमच्या नियमाने त्याला पाणी म्हणावे, एवढीच मागणी आहे. फाल्गुनात हे पक्षी उत्तरेकडे निघतील आणि कार्तिकात परततील. तोवर व्याख्येतील ते चार शब्द खोडले जावेत, यासाठी प्रत्येक देवस्थानातून एक तरी ठराव गेला पाहिजे.