पाठ केलेली सुरुवात

हौशी बुद्धिबळ स्पर्धांत एक समज वेदवाक्यासारखा रूढ झाला आहे : ज्याची ‘ओपनिंग’ अधिक पाठ, तो अधिक चांगला खेळाडू. आष्ट्यासारख्या गावातला मुलगा हरला की ‘त्याला थिअरी येत नाही’ असे निदान करून जाणकार मोकळे होतात. ज्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी या खेळासाठी आयुष्य वेचले, तिच्या परिसरात तरी हे निदान निमूटपणे स्वीकारले जाऊ नये.

एका हरलेल्या डावाचीच साक्ष काढू. मे १८५५, कलकत्ता. जॉन कॉक्रन या बॅरिस्टरासमोर महेशचंद्र बॅनर्जी काळी मोहरी घेऊन बसले होते. देशी पद्धतीत प्यादे सहसा एकेकच घर पुढे सरकते. त्या पद्धतीत मुरलेल्या महेशचंद्रांनी उंट कडेच्या घरातून रोखला, पांढऱ्या प्याद्यांना पटाचा मध्य व्यापू दिला आणि मग त्या मध्यावरच मारा केला. हे कोणत्या पुस्तकातून पाठ करणार? तसे पुस्तक नव्हतेच. १९२२ साली ग्रुनफेल्डने व्हिएन्नात हीच मांडणी खेळली आणि तिला त्याचे नाव मिळाले. पुढे जगज्जेत्यांनीही ती आपलीशी केली.

महेशचंद्र हरले ते सुरुवातीमुळे नव्हे. अठराव्या खेळीला त्यांनी घोडा पटाच्या कडेला नेला आणि तीन खेळ्यांत होणारी मात त्यांच्या नजरेतून निसटली : आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेला राजा आणि त्यावर घोड्याचा शह. समोरच्या पटाकडे पाहण्यात झालेली ही चूक होती. पाठांतर तिथे काय कामाचे?

साहित्याच्या वर्गात आम्ही याहून वेगळे काय करतो? विद्यार्थी ‘लेखकाचा मृत्यू’ या बार्थच्या सिद्धान्ताने उत्तराची झोकात सुरुवात करतो आणि प्रत्यक्ष कवितेपाशी येताच मुका होतो. आम्ही मात्र त्या पहिल्या परिच्छेदालाच गुण देतो.

सिद्धान्त नकोत, असे आम्ही म्हणत नाही. ओपनिंगचाही अभ्यास हवाच. पण प्रत्येक खेळीला ‘का?’ विचारून केलेला. प्रतिस्पर्ध्याने पुस्तकाबाहेरची खेळी केली की तोच ‘का’ हाताशी उरतो. तेव्हा हरलेल्या मुलाला ‘कोणती ओपनिंग खेळलास?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कोणत्या खेळीला पाहणे थांबवलेस?’ हे विचारावे. परीक्षकांनीही उत्तरपत्रिका दुसऱ्या परिच्छेदापासून वाचायला घ्यावी.