बँड फुटला, बँड जुळला



या अंकाचं संपादकीय बँडवर आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. विद्रोहाच्या अंकात बँड कशाला, असं विचारणारे विद्वान आपल्यातही कमी नाहीत. त्यांना आमचं उत्तर एवढंच : येत्या १४ एप्रिलला उमापुरात आमच्या वस्तीतली बँड पार्टी तीन वर्षांनी पुन्हा वाजणार आहे, आणि त्यावरनं जयंती कमिटीत भांडण पेटलंय. पोरं म्हणतात डीजे आणा. जुनी माणसं म्हणतात आपलाच बँड. आणि दोघंही म्हणतात, बँड लावायचाच तर तो फुकट वाजला पाहिजे, घरचाच आहे. आम्ही गोदीतनं रजा टाकून आलोय ते या भांडणात पडायलाच.

आधी बँड फुटला कसा ते सांगतो. दोघं चुलतभाऊ. एक ट्रम्पेटवाला, एक क्लॅरोनेटवाला. यांचे बाप-आजे गावाच्या दारात हलगी वाजवायचे आणि गाव जे टाकील ते पदरात घ्यायचे. या दोघांनी ते मोडलं. कर्ज काढून साहित्य घेतलं, ट्रॉली केली, पाटी रंगवली आणि सुपारी घेऊन वाजवायला लागले. फरक बारीक वाटतो, पण सगळा इतिहास त्या फरकात आहे. बलुत्यात भाव गाव ठरवतं. सुपारीत भाव आपण सांगतो.

मग एका साली पावसानं दगा दिला. ट्रम्पेटवाल्यानं मुकादमाची उचल घेतली आणि बायकोसकट कोयत्यावर गेला, फडात. बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. इकडं क्लॅरोनेटवाल्यानं लग्नसराईचे इसार घेऊन ठेवलेले. ऐन मांडवात ट्रम्पेट नाही. नवरदेवाकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या, इसार परत केले, कर्जाचा हप्ता थकला. हंगाम संपवून भाऊ परत आला तेव्हा बोलणं बंद. ट्रॉली एकाकडं राहिली, पाटीवरचं नाव दुसऱ्यानं धरून ठेवलं. ना ट्रॉली वाजली, ना नाव वाजलं.

चूक कुणाची? आम्ही लय विचार केला. उचल घेणाऱ्याचं पोट खोटं नव्हतं. इसार घेणाऱ्याचा शब्द खोटा नव्हता. दोघांनी आगाऊ पैसे घेतले होते. दोघांनाही ते फेडायचे होते. भाऊ भावाशी भांडला, मुकादम आणि सावकार मात्र बाजूला उभे राहून बिडी ओढत राहिले.

आता जरा लांब जाऊ. २०२५ च्या १७ मेला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस नावाचा अमेरिकन रॉक बँड वाजला. पाळी सुटल्यावर आम्ही दोघंतिघं भिंतीबाहेर उभं राहून ऐकलं. तिकिटाला आमच्या कित्येक पाळ्या गेल्या असत्या. हा १९८५ सालचा लॉस एंजेलिसचा बँड. गिटारवाला स्लॅश १९९६ ला बाहेर पडला. गाणारा अ‍ॅक्सल रोझ नाव घेऊन बसला. २०१२ ला हाच बँड भारतात येऊन गेला, तेव्हा नाव तेच होतं पण स्लॅश नव्हता. पाटी होती, ट्रॉली नव्हती, म्हणा. पुन्हा एकत्र याल का, असं विचारलं की अ‍ॅक्सल म्हणायचा, या जन्मी तरी नाही. २०१६ ला दोघं एका स्टेजवर आले आणि साल्यांनी त्या दौऱ्याचं नावच ठेवलं : या जन्मी नाही! कमाई पन्नास कोटी डॉलरच्या वर गेली. पैशासाठी आले म्हणून पांढरपेशे नाक मुरडतात. आम्ही नाही मुरडत. पैशासाठी आपणही रोज गोदीत जातो. आमचा प्रश्न वेगळा आहे. बँड उभा करणाऱ्यांतला इझी स्ट्रॅडलिन या जुळणीत नाही. कमबॅकच्या पोस्टरवर जी तोंडं असतात ती सगळेच बघतात. नसलेली तोंडं कोण मोजतं?

दुसरा दाखला पिंक फ्लॉइडचा. रॉजर वॉटर्स १९८५ ला बँडमधनं बाहेर पडला. नाव कुणी वापरायचं यावरनं प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. मिटलं १९८७ ला. तरी चौघं एका स्टेजवर यायला २००५ साल उजाडलं. २ जुलै, लंडनचं हाइड पार्क, लाइव्ह एट नावाचा कार्यक्रम, आफ्रिकेच्या गरिबीसाठी. १९८१ नंतर, म्हणजे चोवीस वर्षांनी हे चौघं एकत्र वाजले. वाजवून घरी गेले. पुढं दौरा केला नाही. उलट त्या कार्यक्रमानंतर रेकॉर्डचा खप वाढला, त्यातला आपला नफा दान करायचं गिलमोरनं जाहीर केलं. २००८ ला कीबोर्डवाला रिचर्ड राइट गेला आणि चौघांचं एकत्र येणं कायमचं संपलं. हे मोठंच आहे, आम्ही सलाम करतो. पण एक ध्यानात ठेवा. पिंक फ्लॉइडला एक संध्याकाळ फुकट वाजवणं परवडतं. ज्याच्या ट्रॉलीचा हप्ता थकलाय त्याला परवडत नाही.

तिसरा दाखला आपल्या मुंबईचा. १९८४ साली रॉक मशीन नावाचा बँड निघाला. उदय बेनेगल गाणारा, महेश तिनईकर गिटारवर. त्या काळी मुंबईतले बहुतेक बँड परदेशी गाण्यांची नक्कल वाजवायचे आणि लोकांनाही तेच हवं असायचं. यांनी स्वतःची गाणी केली, १९८८ ला रेकॉर्ड काढली. १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड झाले. १९९७ ला बँड फुटला. तेव्हा आमचा जन्मसुद्धा नव्हता. गाणी इंग्रजी, ऐकणारा कॉलेजातला. धोबीतलावच्या रंगभवनात हा सगळा रॉक वाजायचा. २००० साली आवाजाचे नियम आले, कॉलेजं आणि इस्पितळांभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र झालं आणि रंगभवनातला रॉक पुढं थांबला. कायद्यानं गप्प बसवलं की कसं वाटतं हे तेव्हा त्या पोरांनाही थोडं कळलं असेल.

हाच बँड २०१० ला परत जुळला. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया जुने; बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे नवे, वयानं लहान. जुनी चार गाणी वाजवून टाळ्या घेता आल्या असत्या, लोक त्यासाठीच आले असते. पण २०१२ ला त्यांनी नवा आल्बम काढला. त्यांची इंग्रजी गाणी आम्हाला अर्धीच कळतात, ते जग आमचं नाही. पण ही गोष्ट मात्र कळते. नव्या पोरांना सोबत घेतलं आणि नवं ओझं उचललं.

गोदीत आम्ही टोळीनं काम करतो. टोळी फुटली की माल तिथंच पडून राहतो, त्याला कुणाची दया येत नाही. दोघांचं भांडण मिटून टोळी परत उभी राहिली की मुकादम विचारत नाही, काल काय झालं. तो नवी खेप दाखवतो. आणि पहिली खेप एकदम उचलली गेली, कुणाच्या खांद्यावर जास्त वजन आलं नाही, की आपोआप कळतं, जुळलं. गळ्यात गळे घालून फोटो काढल्यानं कळत नाही.

म्हणून उमापूरच्या कमिटीला आमचं जाहीर सांगणं आहे.

डीजेला शिव्या देणाऱ्यांत आम्ही नाही. तो धंदा वर्षभर गप्प बसून फक्त जयंतीच्या दिवशी कानांवर हात ठेवणाऱ्यांचा आहे. पण डीजेचे पैसे रात्री टेम्पोत बसून तालुक्याला जातात. बँडचे पैसे वस्तीतल्या दहा-बारा चुलींत जातात. एवढा साधा हिशोब आहे.

आणि सुपारी पूर्ण द्या. अर्धी आगाऊ द्या. बाबासाहेबांची जयंती आहे, घरचं कार्य आहे, फुकट वाजवा — हे वाक्य जो बोलेल त्यानं आरशात बघावं. दारात उभं करून वाजवून घ्यायचं आणि मनाला येईल ते द्यायचं, ही रीत आपल्या आज्यांनी जीव धोक्यात घालून मोडली. तीच रीत निळा झेंडा हातात घेऊन आपण परत आणणार असू, तर मग बलुतं मोडलं कशाला? गाव फुकट मागायचं तेव्हा तो जुलूम होता. आपण फुकट मागतो तेव्हा ती श्रद्धा कशी काय झाली?

बँडवाल्यांनाही आम्ही सोडणार नाही. दोघा भावांनी उचलीचा आणि इसाराचा हिशोब एकदा वस्तीपुढं मांडावा. पोटात ठेवलेला हिशोब पुढच्या दुष्काळात परत फुटतो. ढोल-ताशावाल्या पोरांना ट्रम्पेटएवढाच वाटा द्यावा, कारण मिरवणुकीत सगळ्यात जड ओझं त्यांच्याच गळ्यात असतं. जुना ढोलवाला आता चाकणला कारखान्यात आहे. त्याला बोलावणं धाडा. त्याला रजा मिळेल का नाही हा पुढचा प्रश्न, पण बोलावणं गेलं पाहिजे. आणि सिनेमाच्या चाली पुरे झाल्या. एक तरी नवं गाणं बसवा, उमापूरचं, कोयत्याचं, उचलीचं. शब्द पाहिजे असतील तर आम्ही लिहून देतो. बसल्या बसल्या लिहिणारे खूप आहेत, आम्ही उभ्यानं लिहू.

परवा रात्री दोघं भाऊ समाजमंदिरात तालमीला बसले. तीन वर्षं बंद पडलेलं ट्रम्पेट, पहिला सूर निघेना, नुसती हवा. क्लॅरोनेटवाला काही बोलला नाही. त्यानं आपला सूर धरून ठेवला, लांब, तो येईपर्यंत. बाहेर पोरं हसत होती. मग हसायची थांबली.

कमिटीची बैठक रविवारी संध्याकाळी आहे. वर्गणी घेऊन या. डीजे मागणाऱ्यांनीही या, भांडू. पण सुपारीचा कागद त्याच बैठकीत झाला पाहिजे.

— संपादक, उमापूर