फ्रेंच इमर्शन : सार्वजनिक शाळेतले खाजगी दालन

मातृभाषेतील शिक्षण ह्या विषयावर एका अभ्यासशिबिरात बोलून प्रस्तुत लेखक खाली बसतो न बसतो तोच एक तरुण कार्यकर्ते उठून उभे राहिले. "सर, कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शाळेच्या पहिल्या दिवसापासून फ्रेंचमध्ये शिकवतात. त्यांचे काही बिघडत नाही म्हणे. मग आपल्या मुलांना इंग्रजीत घातले तर एवढा आक्रोश कशासाठी?" प्रश्न प्रामाणिक होता. परंतु हाच प्रश्न इंग्रजी शाळांचे संस्थाचालक कित्येक वर्षे अप्रामाणिकपणे विचारीत आले आहेत, आणि आपल्यातील काही जाणत्या मंडळींनाही त्याचे उत्तर सुचत नाही. म्हणून ते येथे थोडे विस्ताराने द्यावयाचे आहे.

प्रथम इतिहास. माँट्रियल शहराच्या दक्षिणेस सेंट लॅम्बर्ट नावाचे उपनगर आहे. तेथील इंग्रजीभाषक पालकांचा एक गट १९६३ पासून स्थानिक शिक्षण मंडळाच्या मागे लागला आणि सप्टेंबर १९६५ मध्ये इंग्रजीभाषक बालकांसाठी संपूर्ण फ्रेंच माध्यमाचा पहिला बालवर्ग सुरू झाला. मॅगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट ह्यांनी ह्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला व १९७२ मध्ये रिचर्ड टकर ह्यांच्यासमवेत तो ग्रंथरूपाने मांडला. इंग्रजी वाचनात ही मुले प्रारंभी मागे पडली. पण इंग्रजीचे तास सुरू होताच त्यांनी ती उणीव भरून काढली. गणितात त्यांचे नुकसान झाले नाही. फ्रेंच त्यांना उत्तम समजू लागले, बोलण्या-लिहिण्यात मात्र ती जन्मजात फ्रेंचभाषकांच्या बरोबरीला पोचली नाहीत. हे निष्कर्ष पुढे अनेक ठिकाणी पडताळले गेले आहेत आणि ते खोटे ठरविण्याची प्रस्तुत लेखकास इच्छाही नाही, गरजही नाही.

प्रश्न असा आहे की, त्या पालकांना फ्रेंचचा पुळका १९६३ मध्येच का यावा? दोनशे वर्षे फ्रेंचभाषकांच्या शेजारी राहून तो आला नव्हता. क्वेबेकमध्ये कारखाने, बँका, व्यापार हे इंग्रजीभाषकांच्या हाती होते. राजआयोगाने १९६१ च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की, त्या प्रांतातील चौदा वांशिक गटांत पुरुषांच्या उत्पन्नाच्या क्रमाने फ्रेंच वंशीयांचा क्रमांक बारावा होता. स्वतःच्याच प्रांतात, बहुसंख्य असूनही! केवळ इंग्रजी येणारा इंग्रज माणूस दोन्ही भाषा येणाऱ्या फ्रेंच माणसापेक्षा अधिक कमवीत होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ह्याहून वेगळा पुरावा नको : भाषेचे मोल शब्दसंपदेवर ठरत नाही, ती बोलणाऱ्यांच्या हाती भांडवल किती ह्यावर ठरते. १९६० मध्ये तेथे लेसाज ह्यांचे सरकार आले, 'शांत क्रांती' सुरू झाली, वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, फ्रेंचभाषक कामगार व मध्यमवर्ग ताठ उभा राहिला. वारे फिरले, हे चाणाक्ष पालकांनी ओळखले. १९६९ मध्ये संघराज्याचा राजभाषा कायदा आला, १९७७ मध्ये क्वेबेकची फ्रेंच भाषा सनद आली. म्हणजे इंग्रज मुलाच्या तोंडी फ्रेंच घातले ते अध्यापनशास्त्राने नव्हे, फ्रेंच जनतेच्या राजकीय लढ्याने.

ह्या मुलांचे इंग्रजी का बुडाले नाही, ह्याचेही उत्तर येथेच आहे. शाळा सुटली की घर इंग्रजी, रस्ता इंग्रजी, दूरदर्शन इंग्रजी, सारे उत्तर अमेरिका खंड इंग्रजी. त्यांची भाषा धोक्यात नव्हतीच. स्वतः लॅम्बर्ट ह्यांनी १९७० च्या दशकात हा भेद स्पष्ट केला : प्रबळ भाषेचे मूल दुसरी भाषा शिकते तेव्हा बेरीज होते, दुर्बळ भाषेचे मूल प्रबळ भाषेच्या शाळेत जाते तेव्हा पुष्कळदा वजाबाकी होते. इंग्रजी माध्यमाचे आमचे वकील लॅम्बर्ट ह्यांच्या ग्रंथातील पहिले वाक्य उचलतात आणि दुसरे गाळतात.

'इमर्शन' ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द काय, असे एकदा एका शिक्षक मित्रास विचारले. ते म्हणाले, "विसर्जन!" आम्ही हसलो. पण शब्द चुकीचा नाही. सेंट लॅम्बर्टच्या मुलाने डुबकी मारली, ते ओले होऊन बाहेर आले. त्याच कॅनडात आदिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडले, त्यांची भाषा तोंडातून निघाली तर शिक्षा केली. ह्यांतील शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. तेही परभाषेतील शिक्षणच होते, पण ते विसर्जन होते. आणि मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडमधील माडिया बालक आमच्या मराठी शाळेत पाऊल टाकते तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न आम्हा मराठीच्या कैवाऱ्यांनाही सुखाने झोपू देणारा नाही.

येथवर उत्तर सोपे होते. आता अवघड भाग.

प्रस्तुत लेखकाची पुतणी टोरंटोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे तीन महिने मुक्काम होता. तिची मुलगी पहिलीपासून फ्रेंच वर्गात. शाळा सरकारी, फी नाही, इमारत एकच. पण त्या इमारतीत दोन शाळा नांदत होत्या. फ्रेंच तुकडीत डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक ह्यांची मुले. इंग्रजी तुकडीत नुकत्याच आलेल्या निर्वासितांची, घरकाम करणाऱ्या बायांची, आणि ज्यांना शिकणे जड जाते अशी मुले. "काका, फ्रेंच येते की नाही हे नंतरचे, वर्ग चांगला मिळतो," असे पुतणीने सरळ सांगितले. तिच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले. त्या मुलीशी मराठीत बोलावयास गेलो तर ती आईकडे पाहत असे, ही गोष्ट वेगळी. तिची बेरीज आणि वजाबाकी एकाच वेळी चालली होती.

हा एका घरचा अनुभव म्हणून बाजूस सारता येईल. परंतु न्यू ब्रुन्स्विक ह्या प्रांताच्या शाळांविषयी तेथीलच संशोधक डग्लस विल्म्स ह्यांनी २००८ मध्ये हेच मांडले : प्रारंभीच्या इमर्शनमध्ये सुस्थित घरांतील मुलांचा भरणा, आणि शिकण्यात अडचण असलेली मुले मुख्यतः इंग्रजी तुकडीत. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. नाव कधी नोंदवावयाचे, सोडत कधी, बस कोठवर येते, हे ज्यांना ठाऊक असते तेच पोचतात. ब्रिटिश कोलंबियात प्रवेशासाठी पालकांनी शाळेबाहेर रात्र काढल्याच्या घटना घडल्या आहेत. रात्रपाळीच्या कामगाराने ती कशी काढावी? मूल मागे पडू लागले, तर फ्रेंच तुकडीत विशेष साहाय्य अपुरे असते, मग त्याला 'त्याच्याच हितासाठी' इंग्रजी तुकडीत पाठविण्याचा सल्ला मिळतो. वर्षागणिक गाळणी होत जाते. तळाशी जी राहतात त्यांच्या वर्गात सर्वाधिक गरजा, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे पालक सर्वांत कमी.

अल्बर्ट हर्षमन ह्या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्ये ही प्रक्रिया सांगून ठेवली आहे. गुणवत्तेची सर्वाधिक चाड असलेली गिऱ्हाइके आधी निघून जातात आणि मागे राहिलेल्या संस्थेत आवाज उठविणारे उरत नाहीत. इमर्शनची किमया अशी की, इमारत न सोडता निघून जाता येते. खाजगी शाळेचे सारे सामाजिक लाभ, आणि खर्च सार्वजनिक तिजोरीचा. वर राष्ट्रीय एकात्मतेचे पुण्य!

त्या एकात्मतेचा हिशेबही पाहून घ्यावा. क्वेबेकबाहेर इमर्शनमध्ये आज साडेचार लाखांच्या आसपास मुले आहेत. पण क्वेबेकबाहेर इंग्रजी व फ्रेंच दोन्हींत संभाषण करू शकणाऱ्यांचे प्रमाण २००१ मध्ये १०.३ टक्के होते, ते २०२१ मध्ये ९.५ टक्क्यांवर आले. क्वेबेकमध्ये ते ४६.४ टक्के आहे. बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढल्याने टक्केवारी खाली ओढली गेली, हे मान्य. तरीही देशातील द्विभाषिकतेचा भार कोण वाहतो आहे, हे दिसावयाचे ते दिसतेच.

मग इमर्शन बंद करावे काय? येथे आपल्या काही डाव्या मित्रांची घाई होते. न्यू ब्रुन्स्विकच्या शिक्षणमंत्र्यांनी २००८ मध्ये प्रारंभीचे इमर्शन एकदम रद्द केले. पालक न्यायालयात गेले, पुरेसा विचारविनिमय झाला नाही म्हणून तो निर्णय टिकला नाही, मग प्रवेश तिसरीपासून ठेवला गेला, आणि २०१७ मध्ये तो पुन्हा पहिलीवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारने सर्वच इंग्रजीभाषक मुलांना निम्मा दिवस फ्रेंच देण्याची घोषणा केली. कागदावर ही समता होती. परंतु शिक्षक कोठून आणणार, ह्याचे उत्तर नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जनक्षोभापुढे ती योजना मागे घ्यावी लागली. सुस्थितांनी आपली सवलत राखली, असे ह्यावर म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. पण सरकारजवळ शिक्षक नसताना 'सर्वांना' म्हणणे म्हणजे सर्वांचे थोडे थोडे काढून घेणे होय. असल्या समतेचा बचाव समाजवाद्यांनी करू नये.

ह्याहून शहाणा मार्ग त्याच देशात आहे, पण त्याची चर्चा क्वचित होते. न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर प्रांतात १९९८ मध्ये जोन नेटन व क्लोद जेर्मां ह्यांनी पाचवी-सहावीच्या नेहमीच्या वर्गात अर्धे वर्ष फ्रेंचवर भर देण्याचा प्रयोग सुरू केला. तुकडी वेगळी काढावयाची नाही, बाकसोबती बदलावयाचा नाही. पाया स्वभाषेत पक्का झाल्यावर सारा वर्ग मिळून परभाषा शिकतो. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेची जी कल्पना मांडली, तिच्याशी हे जुळते. इमर्शनइतके फ्रेंच ह्यातून येत नाही, हे कबूल केले पाहिजे. एक वर्ग न फोडण्याची ती किंमत आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती देण्याजोगी आहे.

आपल्याकडे सेमी-इंग्रजीच्या तुकड्या निघाल्या तेव्हा 'अ' तुकडीत कोण बसले आणि 'ड' तुकडीत कोण राहिले, हे ज्या शिक्षकांनी पाहिले आहे त्यांना कॅनडाचे वर्णन परके वाटणार नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय निघाले, जूनअखेर ते मागेही घ्यावे लागले. त्या वादात भाषा कोणती ह्यावर महाराष्ट्र पेटून उठला, पण ती कोणत्या वर्गात, कोणत्या शिक्षकाने, कोणाच्या मुलांना शिकवावयाची ह्यावर फार थोडे बोलले गेले. हिंदीच्या विरोधात हिरिरीने लिहिणाऱ्या कित्येकांची नातवंडे मराठी शाळेत नाहीत.

शिबिर संपल्यावर ते तरुण कार्यकर्ते चहाच्या वेळी पुन्हा भेटले. त्यांची मुलगी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते, पिवळ्या गाडीने, रोज अठरा किलोमीटर. गावच्या जिल्हा परिषद शाळेत आता एकच शिक्षक आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. पुतणीला तरी कोठे दिला होता? मी एवढेच विचारले की, शाळा व्यवस्थापन समितीत दुसऱ्या शिक्षकाची मागणी कोणी लावून धरली. ते म्हणाले, "आधी मीच धरत होतो, सर. पण मुलगी तिथून काढली, तेव्हा माझं नावही समितीतून गेलं."