ब्लॉक गेटवरच अडतो

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते आहे. यूटी (अल्ट्रासोनिक टेस्टिंग) संचाचे वार्षिक प्रमाणपत्र मुदतीत असले की कारखान्याच्या गेटवर काही अडत नाही. अडतो तो व्ही-१ किंवा डॅकचा कॅलिब्रेशन ब्लॉक, कारण गेटपासवर त्याची नोंद नसते. एका वाचकाचे ब्लॉक संध्याकाळपर्यंत सिक्युरिटीच्या टेबलावर पडून राहिले आणि आत काम मात्र आदल्या दिवशी साठवलेल्या सेटिंगवर उरकून घेतले गेले. इन्स्पेक्टरने स्टिकरवरची तारीख पाहिली आणि सही केली.

या सहीला काय अर्थ आहे? प्रमाणपत्र संचाच्या लिनिॲरिटीचे, गेनच्या पायऱ्यांचे. प्रोबचा पर्स्पेक्स किती झिजला, इंडेक्स पॉइंट किती सरकला, ६० अंशांचा कोन ६० उरला का, केबल कुठे ढिली आहे, यातले काहीच त्यावर नसते. विदर्भातल्या मे महिन्यात ब्लॉक एसी केबिनमध्ये आणि प्लेट उन्हात असेल, तर तापलेल्या वेजमध्ये वेग उतरतो, कोन वाढतो आणि दोषाची जागा चुकते. म्हणूनच एएसएमई सेक्शन पाचमध्ये ब्लॉक व जॉबच्या तापमानात १४ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक चालत नाही.

काम संपल्यावर आणि ऑपरेटर बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा तपासायचे, हेही त्याच कोडमध्ये आहे. संवेदनशीलता २ डीबीहून अधिक घटलेली निघाली, तर मागच्या बरोबर तपासणीनंतरचे सगळे निकाल रद्द होतात. मध्ये कधी तपासलेच नसेल तर अख्खी पाळी वाया. पण खरेदी खाते दर देते वेल्डच्या मीटरवर. ब्लॉकवर गेलेल्या वेळेचे पैसे कोणीच धरत नाही.

दोष सगळा क्लायंटचाच नाही. आपल्यातले काही लेव्हल टू कॅलिब्रेशन शीट संध्याकाळी एकदम भरतात, आकडे कालचेच. ही खोटी नोंद आहे, आणि तिच्या भरवशावर उद्या कोणी प्रेशर व्हेसलशेजारी उभा राहणार आहे.

कोटेशनमध्ये कॅलिब्रेशनची वेगळी ओळ घाला. गेटपासवर ब्लॉकचा क्रमांक आधीच लिहून घ्या. रिपोर्टमध्ये ब्लॉक, प्रोब, गेन, तापमान आणि सुरुवातीच्या व शेवटच्या कॅलिब्रेशनच्या वेळा नोंदवा. ब्लॉक आत येऊ दिला नाही, तर प्रोब जॉबवर ठेवू नका आणि त्याच दिवशी क्लायंटला लेखी कळवा.