तांबी, इंजेक्शन की गोळी? बाळंतपणाआधीच ठरवायला हवं, कारण...

‘अंगावर पाजतेय, पाळीही आलेली नाही, मग दिवस कसे राहतील?’ हा समज घरोघरी आहे आणि तो अर्धाच खरा आहे. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, त्याला दिवसरात्र फक्त आईचं दूध आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच स्तनपानाचा भरवसा धरता येतो. बीज पहिल्या पाळीच्या आधीच तयार होतं. त्यामुळे पाळीची वाट पाहणं महागात पडू शकतं. दोन बाळंतपणांमध्ये शरीर भरून यायला वेळ लागतो. पुढची गर्भधारणा किमान २४ महिन्यांनी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पर्याय आहेत. अडचण वेळेची आहे. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर ६ आठवडे थांबावं लागतं. म्हणजे कळा सुरू असताना किंवा टाके दुखत असताना बाईला विचारायचं आणि तिने मान हलवली की संमती समजायची? ही संमती नव्हे. हा प्रश्न सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच, सासू आणि नवरा बाहेर असताना तिला विचारायला हवा. नको म्हणाली तर नको. बसवल्यावर काढायची म्हणाली तर कुरकुर न करता काढून द्यायला हवी.

सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ इंजेक्शनही मिळतं, दर ३ महिन्यांनी. अंगावर पाजणाऱ्या आईला ते ६ आठवड्यांनंतर देतात. याने पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून पुढचा डोस घेत नाही. ‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाजणाऱ्या आईला ती चालते. दोन हार्मोनच्या नेहमीच्या गोळ्या मात्र पहिले ६ महिने टाळायच्या असतात.

आणि नवरे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. खरं तर पुरुषांची शस्त्रक्रिया जास्त सोपी. पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. मूल नकोच हे दोघांचं पक्कं ठरलं असेल तर आधी नवऱ्याचं नाव पुढे यायला हवं. फक्त त्यानंतर ३ महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यायची.